मातृभाषेचा रकाना

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी पाठवाव्यात, असे संस्थेचे पत्र आले. सोबत माजी विद्यार्थ्यांच्या माहितीचा एक छापील नमुना होता: नाव, प्रवेशाचे वर्ष, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, हल्लीचा व्यवसाय, पत्ता. तो भरून झाल्यावर माझी नजर उगाच कागदावर वरखाली फिरली. मातृभाषेचा रकाना त्यात नव्हता. प्रथम मला हायसे वाटले आणि मग त्या हायसे वाटण्याचीच लाज वाटली. वसतिगृहाने मला काय दिले हे सांगायचे, तर या एका रकान्याची हकीकत सांगणे भाग आहे. आणि ती मी वसतिगृहात येण्याच्या दोन वर्षे आधी सुरू होते.

१९८५ चा पावसाळा होता. मी नऊ वर्षांचा, गावच्या शाळेत तिसरीत. धाकटी बहीण चार वर्षांची. तिला तीन दिवस ताप होता. वडील जंगलखात्याच्या कामावर दूर गेलेले. मायने तिला पाठीशी बांधले, मला पुढे घातले आणि दोन नाले ओलांडून आम्ही दवाखान्यात पोहोचलो. मला बरोबर नेण्याचे कारण एवढेच की घरात मराठी येणारा मी एकटा होतो. येणारी म्हणजे पुस्तकातली: कमळ, बदक, नमन कर.

ओसरीवर पन्नास-साठ माणसे बसली होती. आमची पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी मान वर न करता विचारले, ताप किती दिवसांचा? मी म्हणालो, तीन. उलटी? नाही. आणखी काही? मी मायकडे पाहिले. माय एका दमात पुष्कळ बोलली. ती म्हणाली, पोरीचे अंग लाकडासारखे ताठ होते, डोळे वर जातात, हातपाय झटकले जातात आणि मग हाका मारल्या तरी ती ऐकत नाही. काल रात्री दोनदा झाले. मला ते सगळे समजले. ते मराठीत सांगायला मात्र माझ्याजवळ शब्द नव्हते. मी म्हणालो, “ती थरथरते, साहेब. मग झोपते.” “थंडी वाजते?” “हो.” त्यांनी केसपेपरवर काहीतरी लिहिले. हिवतापाच्या गोळ्या मिळाल्या. आम्ही घरी आलो.

त्या डॉक्टरांना मी आजही दोष देत नाही. दिवस हिवतापाचे होते, ताप होता, थंडी वाजत असल्याचे मी सांगितले होते. त्यांनी विचारायचे ते विचारले. ज्या एका वाक्यावर सारे अवलंबून होते, ते मायच्या तोंडून निघाले आणि माझ्यापाशी येऊन गळाले. त्याच रात्री बहीण पुन्हा ताठ झाली आणि पहाटेपर्यंत शुद्धीवर आली नाही. मिळेल त्या वाहनाने आधी परतवाडा, तिथून अमरावती. तिथल्या वॉर्डात एक आया होती, मूळची बैतूलकडची. मायच्या तोंडचे दोन शब्द ऐकताच ती थबकली आणि कोरकूत बोलू लागली. माय तिच्या खांद्यावर डोके ठेवून रडली. आयाने डॉक्टरांना सांगितले, पोरीला आकडी येते. ‘आकडी’ हा शब्द मी त्या दिवशी शिकलो. हिवताप मेंदूपर्यंत गेला होता. बहीण वाचली, डावा पाय मात्र तेव्हापासून ओढत चालते.

बैतूलची बाई अमरावतीत मायच्या भाषेत कशी बोलली, याचे मला तेव्हा मोठे नवल वाटले होते. त्यात नवल काही नाही, हे पुढे कळले. कोरो म्हणजे माणूस, कू हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना, इकडे मेळघाटात आणि तिकडे बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर, हरदा या भागांत आम्ही पसरलेलो आहोत. १९५६ पर्यंत मेळघाट आणि बैतूल एकाच राज्यात होते. भाषावार प्रांतरचना झाली ती मराठीची आणि हिंदीची. आमच्या भाषेच्या मधून सीमा गेली. तेव्हापासून एका मामाची मुले हिंदीतून शिकतात, दुसऱ्याची मराठीतून, आणि लग्नात भेटली की आपसांत कोरकू बोलतात. ही भाषा ना मराठीची बोली आहे, ना हिंदीची. ती मुंडा कुळातील. संथाली, मुंडारी, हो या तिच्या बहिणी पूर्वेला, झारखंड-ओडिशाकडे. त्या साऱ्या ऑस्ट्रो-आशियाई कुळाची पश्चिमेकडची शेवटची भाषा म्हणजे कोरकू.

१९८७ मध्ये वडिलांनी मला आपल्या वसतिगृहात आणले. प्रवेशअर्ज भरताना अधीक्षक सरांनी विचारले, “मातृभाषा?” वडिलांनी तत्काळ उत्तर दिले, “मराठी, साहेब.” वडिलांना मराठीची पाच-सहा वाक्येही धड येत नव्हती, पण हे दोन शब्द ते इतक्या सफाईने बोलले की वाटेत एसटीत ते घोकत आले असावेत, अशी मला शंका आहे. दुसरे काही सांगितले तर पोराला घेणार नाहीत, ही त्यांची भीती. सर क्षणभर थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, वडिलांकडे पाहिले आणि ‘मराठी’ लिहिले. पालकाने सांगितलेले खोडणे त्यांना योग्य वाटले नसावे. पुढचे सारे दाखले त्या एका शब्दावरून उतरत गेले.

पहिले वर्ष मी जवळजवळ मुका काढले. आमच्या खोलीत अकरा मुले: बौद्ध, गोंड, कोलाम, बंजारा, आणि कोरकू आम्ही दोघे. रात्री दिवे मालवल्यावर आम्ही दोघे एका चादरीखाली डोकी घालून आपल्या भाषेत बोलायचो. दिवसा नाही. कोणी बंदी केली होती असे नव्हे. सकाळी त्रिशरण-पंचशील, मग शाळा, मग शेतावरचे काम, संध्याकाळी अभ्यासिका. या साऱ्या दिवसात आमच्या भाषेला जागाच कुठे नव्हती, एवढेच.

जागा झाली ती सातवीत असताना, एका पौर्णिमेला. सरांनी त्या संध्याकाळी विनयपिटकातील चुल्लवग्गातली एक गोष्ट सांगितली. ब्राह्मण कुळात जन्मलेले, वाणीने गोड असे दोन भाऊ भिक्खू झाले होते. नाना कुळांतले, नाना प्रदेशांतले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवतात, ही त्यांची तक्रार. आपण ते छंदस् भाषेत बांधून ठेवू या, असे त्यांनी सुचवले. भगवंतांनी त्यांना फटकारले आणि भिक्खूंनी आपल्या भाषेतच वचन शिकावे अशी अनुज्ञा दिली. ‘आपल्या’ म्हणजे कोणाच्या, यावर वाद आहे, हेही सरांनी लपवले नाही. आचार्य बुद्धघोषांनी त्याचा अर्थ बुद्धांची मागधी असा केला. अनेक आधुनिक अभ्यासक शिकणाऱ्याची भाषा असा करतात. मग सर एकदम माझ्याकडे वळले. “तुझ्या भाषेत पाण्याला काय म्हणतात?”

पन्नास मुलांसमोर मी उभा राहिलो. “डा,” मी म्हणालो. मुले हसली. “वाघाला?” “कुला.” पुन्हा हसली. सरांनी हसू दिले. मग त्यांनी विचारले, “आणि ‘आपण’?” इथे माझी पंचाईत झाली. मी विचारले, “किती जण, सर? दोघे की पुष्कळ?” सर म्हणाले, “म्हणजे?” मी अडखळत सांगितले की आमच्यात दोघांसाठी वेगळे रूप असते आणि पुष्कळांसाठी वेगळे; शिवाय ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हेही बोलतानाच ठरते. तू आणि मी, याला एक शब्द. मी आणि तो, तू नाही, याला दुसरा. मराठीतही ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद आहे; पण दोघांचे वचन मराठीने सोडून दिले आहे. संस्कृतात द्विवचन आहे हे सरांनी फळ्यावर लिहून दाखवले. खोलीत कोणी हसत नव्हते. त्या दिवसानंतर चादरीची गरज उरली नाही. प्रवेशअर्जावरचा शब्द बदलला नाही. तो बदलता येतो, हे ना मला माहीत होते ना वडिलांना.

एवढे सगळे पदरात असूनही मी स्वतः काय केले, ते लिहिलेच पाहिजे. शिक्षक झालो आणि मेळघाटातच नेमणूक मिळाली. पहिली तीन वर्षे मी पहिलीच्या मुलांना वर्गात कोरकू बोलू दिली नाही. तपासणीला येणारे अधिकारी मुलांना मराठीत प्रश्न विचारत, आणि माझी मुले गप्प राहिली तर माझी नाचक्की होती. गप्प राहणारे मूल मठ्ठ समजले जाते. मीही समजलो. एकदा वाघाचे चित्र दाखवून ‘हे काय?’ विचारले तेव्हा साऱ्या वर्गाने ओठ मिटले. यांच्या रानात वाघ फिरतो, यांच्या घरी कुलामामाची पूजा होते, आणि यांना वाघ ओळखता येत नाही? दारातून एक म्हातारा पाहत होता. तो मला कोरकूत म्हणाला, “गुरुजी, तुम्ही ‘कुला’ विचारा की.” मी विचारले. पुढचा तास वर्ग मला आवरला नाही.

कायद्यात आमच्यासाठी काही नाही, असे म्हणता येणार नाही. अनुच्छेद २९ आपली भाषा जतन करण्याचा हक्क देतो. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठीचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते, असे अनुच्छेद ३५० सांगतो. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेला ३५०क प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा म्हणतो, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शक्य तितके मातृभाषेतून असे शब्द आहेत. ‘प्रयत्न’ आणि ‘शक्य तितके’: नोकरीच्या इतक्या वर्षांत या दोन शब्दांची माझी चांगली ओळख झाली आहे. निवेदनाचेच पाहा. कोरकूत अर्ज लिहिला, तर तो टेबलावर घेणाराला वाचता आला पाहिजे. लिपी देवनागरीच आहे. अक्षरे त्याला वाचता येतील, अर्थ कळणार नाही. म्हणून कोणी तसा अर्ज लिहीत नाही, आणि कोणी लिहीत नाही म्हणून कोणी ती शिकत नाही.

न्यायालयात आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगावी, अशी फौजदारी प्रक्रियेत तरतूद आहे. ही तरतूद अतिशय योग्य आहे. पण ती वाचताना मला दरवेळी तो दवाखाना आठवतो. माझी माय आरोपी असती तर तिला दुभाषी मागता आला असता. ती आजारी मुलीची आई होती, म्हणून तिच्या वाट्याला तिसरीतला मुलगा आला. महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम केला; दाखला किती दिवसांत मिळावा, याचा फलक आता कार्यालयात लागतो. तो फलक आमच्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवायला शेवटी शाळेतले पोरच लागते.

सुधारणा झाली ती बाजूच्या दाराने. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगाव आशा नेमल्या गेल्या. गावचीच सून, गावचीच भाषा. बाळंतिणीच्या खाटेशी बसून ती कोरकूत विचारते आणि नोंदवहीत मराठीत लिहिते. दिवसभर ती दुभाष्याचे काम करते, पण त्या कामाचा मोबदला तिला नाही, नावही नाही. ती आजारी पडली तर तिच्या जागी कोरकू येणारीच यावी, असे कुठे लिहून ठेवलेले नाही. १९८५ मध्ये अमरावतीला आम्हाला ती आया भेटली हा योगायोग होता. आज योगायोग पुष्कळ वाढले आहेत, असे म्हणू या.

आठव्या अनुसूचीची मागणी आमच्या तरुणांत ऐकू येते. संविधान लागू झाले तेव्हा तिच्यात चौदा भाषा होत्या, आज बावीस आहेत. २००३ च्या ९२ व्या दुरुस्तीने संथाली आणि बोडो तिच्यात आल्या, तेव्हा आमच्या बहिणीला मान मिळाला म्हणून मला मनापासून आनंद झाला. २०११ च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१ होते आणि ती अनुसूचीत आहे; भिली सांगणारे एक कोटीहून अधिक, गोंडी सांगणारे तीस लाखांच्या जवळपास, आणि या दोन्ही बाहेर आहेत. संस्कृतविषयी मला आकस नाही, तिचे द्विवचन एकदा माझ्या मदतीला आले होते. शिवाय अनुसूचीत नाव आले की दुसऱ्या दिवशी खेड्यातल्या दवाखान्यात कोरकू कळणारे माणूस बसेल, असेही मला वाटत नाही. मला आधी ते माणूस हवे आहे. पण ते मागायला गेले की पहिला प्रश्न येतो: तुमचे लोक किती? आणि त्याचे उत्तर जनगणनेच्या रकान्यात असते.

त्या रकान्यातून गळलेल्यांची अवस्था काय होते, हे आमच्या शेजारीच दिसते. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या डोंगराळ भागात निहाली बोलली जाते. जगातल्या कोणत्याच ज्ञात भाषाकुळात ती बसत नाही. बोलणारे दोन-अडीच हजार. दहा हजारांहून कमी बोलणाऱ्यांच्या भाषा जनगणना १९७१ पासून वेगळ्या छापत नाही. त्यामुळे सरकारी तक्त्यात निहाली नाहीच. हे लिहिताना एक गोष्ट दडवता येत नाही: निहालांना खालचे मानण्याची रीत आम्हा कोरकूंतही होती. मोठ्या भाषेने आपल्याला दुर्लक्षिले म्हणून गळा काढणाऱ्याने, आपण आपल्याहून लहान भाषेशी कसे वागलो, हेही आठवावे.

कोरकू मातृभाषा सांगणारे २००१ मध्ये ५,७४,४८१ होते, २०११ मध्ये ७,२७,१३३ झाले. या दुसऱ्या आकड्यातली सहा माणसे एका घरातली आहेत आणि ती माझ्या हातून लिहिली गेली.

२०११ च्या ९ ते २८ फेब्रुवारीत प्रत्यक्ष गणना झाली. मी प्रगणक होतो आणि माझ्याकडे आलेल्या गटात बहिणीचे सासर होते. प्रश्न दहावा मातृभाषेचा. त्याआधी साऱ्या गावाने मला थकवले होते. कोणी म्हणे हिंदी लिहा, कोणी म्हणे मराठी. सांगेल ते लिहायचे, ही आम्हाला सूचना; पण मातृभाषेची व्याख्याही सूचनापुस्तिकेत होती: लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलली ती. म्हणून मी प्रत्येकाला भाषेचे नाव न विचारता आईविषयी विचारत होतो, आणि बरेच जण हसून खरे सांगत होते.

बहीण दारात बसून मोहाची पाने पुसत होती. नाव, वय, जात, सारे झाले. मी दहावा प्रश्न विचारला.

“मराठी लिही,” ती म्हणाली. हे ती कोरकूत म्हणाली.

“माय तुझ्याशी कशात बोलायची?”

“ते मला ठाऊक आहे. तू मराठी लिही. कोरकू लिहून माझा पाय सरळ होणार आहे का?”

माझ्या हातातली लेखणी तशीच राहिली. पंचवीस वर्षांत तिने मला त्या दवाखान्याबद्दल एका शब्दाने विचारले नव्हते. मी तिथे काय सांगितले आणि काय सांगू शकलो नाही, हे मायने तिला कधी सांगितले, मला माहीत नाही.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, “दादा, तुझ्या शाळेच्या कागदावर काय आहे?”

“मराठी.”

“आणि या कागदात तुझे काय लिहिलेस?”

माझ्या घराची गणना दुसऱ्या गुरुजींनी केली होती. मी म्हणालो, “कोरकू.”

“पोरांचे?”

व्याख्या माझ्यासमोर उघडीच होती. माझी बायकोही कोरकूच. पण मुले शाळेत मागे पडू नयेत म्हणून आम्ही दोघांनी ठरवून त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून मराठीत बोललो. “पोरांचे मराठी,” मी म्हणालो.

तिने पानांची चळत बाजूला सारली, पाय हाताने उचलून सरळ केला आणि ती माझ्याजवळ सरकून बसली. “माझे कोरकू लिही,” ती म्हणाली. “नवऱ्याचे, सासूचे, तिन्ही पोरांचेही. मी माझ्या पोरांशी कोरकूच बोलते.” तिला वाचता येत नाही. तरीही सहा रकान्यांत मी सहा वेळा तो शब्द लिहीत असताना ती लेखणीच्या टोकाकडे एकटक पाहत होती.

मग अकरावा प्रश्न आला: याशिवाय आणखी कोणत्या भाषा येतात?

“मराठी,” ती म्हणाली. “थोडी. दवाखान्यापुरती.”